दाण्याला घडी, पाण्याला डाख

माझं पत्र्याचं दुकान जामखेडला आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर माझी बी.एस्सी.ची पदवी काचेत लावलेली दिसते. काच धुरानं पिवळी पडली आहे, पण नाव आणि विषय अजून वाचता येतो : रसायनशास्त्र. नवं गिऱ्हाईक आधी पदवीकडं बघतं, मग माझ्या हातांकडं, आणि हमखास विचारतं, "मालक कुठं गेलेत?"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांना सही येत होती, पण करताना घाम फुटायचा. मी नगरला शिकलो आणि परत येऊन तीन वर्षं शाळांचे उंबरे झिजवले. तिथं जे मागत होते ते आमच्याकडं नव्हतं. मग एक दिवस वडिलांसमोर मांडी घालून बसलो आणि लाकडी हातोडा उचलला. त्याची लाज मला कधी वाटली नाही. शिकलेला पत्रेवाला म्हणून अभिमानच होता, आणि तो जरा जास्त होता. त्या जास्तीच्या अभिमानाचं काय झालं, तेच इथं लिहितो आहे.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे ठोकाठोक वाटतं. ठोकणं सगळ्यात शेवटी येतं. आधी आकार मनात उलगडावा लागतो. गोल डबा उभा चिरून पसरला तर केवढा पत्रा होईल, काठाला किती जाईल, हे डोळ्यांपुढं यावं लागतं. मग कापायचं, मग घडी घालायची. आपण दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवतो ना, तसे दोन पत्र्यांचे काठ अडकवायचे आणि लोखंडी दांड्यावर ठेवून लाकडी हातोड्यानं दाबत न्यायचे. इथं लोखंडी हातोडा चालत नाही. त्यानं पत्रा ताणतो, आणि एकदा ताणलेला पत्रा पुन्हा कधी सपाट बसत नाही.

पक्की घडी माणूस वर उभा राहिला तरी उघडत नाही. पण पाणी तिच्यातून झिरपतं. म्हणून पाण्याच्या भांड्याला घडीवरून डाख द्यायचा. म्हणजे सांधा तापवून त्यात कथील आणि शिसं वितळवून भरायचं. जस्ताच्या पत्र्यावर डाख सहजी धरत नाही, आधी अ‍ॅसिड फिरवावं लागतं, आणि ते अ‍ॅसिडही 'मारून' घ्यावं लागतं. त्यात जस्ताचे कपटे टाकायचे, फसफसून शांत झालं की वापरायचं. वडील जन्मभर हे करत आले होते. त्यात झिंक क्लोराईड तयार होतं, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता डाख जास्त धरंल."

वडिलांचा नियम एकच होता. "दान्याला घडी, पान्याला डाख." टाकी, बादली, बंब, यांना डाख. धान्याच्या कोठीला नुसती घडी, कारण दाणा काही घडीतून गळत नाही. गरज नसताना डाख देणारा कारागीर आमच्यात कच्चा समजतात. ह्याचा स्वतःच्या घडीवर भरवसा नाही, म्हणून वरून कथील फासतो, असं म्हणतात. माझ्या घडीला डाखाची गरज नव्हती. माझी घडी वडिलांच्याही वर गेली होती, हे त्यांनीच एकदा गिऱ्हाइकासमोर कबूल केलं होतं, आणि ते मी पुढं बऱ्याच लोकांना सांगितलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. एका बँडवाल्याचा मोठा कर्णा वरातीत टेम्पोच्या चाकाखाली गेला होता. ऐन लग्नसराई. तो म्हणाला, "वाजला न्हाई तरी चालंल, पन दिसला पायजे. वाजवायला बाकीचे हायेत." मी ठोकून गोल केला, आणि तो माणूस सगळा हंगाम गाल फुगवून नुसता चालला. एका उमेदवाराला ग्रामपंचायतीला कपाट चिन्ह मिळालं, तर त्यानं टीचभर उंचीची दोन डझन कपाटं करून घेतली. पडला. ती कपाटं त्याच्या वाडीत अजून आहेत, बाया त्यात मिरची ठेवतात. असल्या गोष्टी सांगत बसलो तर पानं भरतील. पण त्या सांगताना मनात एक कोठी उभी राहते, आणि तिच्यावाचून ह्या लिखाणाला अर्थ नाही.

ही कोठी याकोब गुरुजींनी करायला सांगितली होती. गुरुजी खर्ड्याजवळच्या एका गावचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. घर ख्रिस्ती, शिकलेलं. माणूस इतका नेमका, की फळ्यावर लिहिल्यासारखं बोलायचा. मुलीचं, सुवार्ताचं, लग्न कोल्हारला ठरलं होतं. आमच्या भागात लेकीला सासरी जाताना कोठी द्यायची आणि तिच्यावर लेकीचं नाव उठवायचं, ही रीत सगळ्या जातीधर्मांत आहे. नाव आतल्या बाजूनं बोथट खिळ्यानं ठिपके मारून उठवतात, म्हणजे ते उलटं लिहावं लागतं. पत्रा फुटता कामा नये, नुसता फुगला पाहिजे. ते काम मला फार आवडायचं.

कोठी चार क्विंटलची. दाणे काढायला खालच्या अंगाला तोंड. "पोरीला वाकून आत डोकं घालायला लागू नये," गुरुजी म्हणाले. मी घड्या बसवत होतो, ते स्टुलावर बसून बघत होते. मधेच त्यांनी विचारलं, "सांध्यांना डाख देणार ना?"

मी हसलो. "गुरुजी, गव्हाला पाय फुटतात होय? दाणा गळत नाही घडीतून."

"तसं नव्हे. सर्दावा, किडा-मुंगी काही जाऊ नये आत. जास्त काय लागेल ते मी देतो."

"किडासुद्धा जाणार नाही. घडी कुणाची आहे बघा की." आणि मी हातोडा भिंतीवरच्या पदवीकडं रोखला. गमतीत केलं, पण केलं.

गुरुजी म्हणाले, "तुम्ही बी.एस्सी. झालेले. तुम्ही म्हणता तर नको."

सहा वर्षं ती कोठी कोल्हारला राहिली. प्रवरेच्या पाण्याचा भाग तो, गहू चांगला. सुवार्ताचा नवरा डॅनियल टेम्पो चालवायचा. कांदा, डाळिंब, मिळेल ते भाडं. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सासू, आतल्या खोलीत ही तिघं : डॅनियल, सुवार्ता आणि चार वर्षांची करुणा. कोठी आतल्याच खोलीत. उन्हाळ्यात पत्रा गार लागतो म्हणून करुणा कोठीला पाठ टेकूनच झोपायची. ती तिची जागा होती.

त्या वर्षी गव्हाला कीड लागली. सगळे टाकतात तशा धान्यातल्या गोळ्या सुवार्तानं फडक्यात बांधून कोठीत टाकल्या. वास येऊ नये म्हणून झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी लावली, एकदा लावून पुन्हा वरून दुसरी. डॅनियल भाड्यानं बाहेरगावी गेला होता. सकाळी पोरीला उलट्या सुरू झाल्या. आदल्या दिवशीचं काहीतरी बाधलं असेल म्हणून ओवा दिला, लिंबू दिलं. मग सुवार्तालाही उलट्या. दवाखान्यात नेईपर्यंत करुणा गेली होती. सुवार्ता तीन दिवसांनी वाचली.

पोलिसांनी पंचनामा केला. त्यात लिहिलं होतं, "पत्र्याची कोठी एक, सुस्थितीत." हे सगळं मला गुरुजींनी सांगितलं. करुणा गेल्यावर दीड महिन्यानं ते रिकामी कोठी टेम्पोत घालून माझ्या दुकानी आले, तेव्हा.

"ही मोडून टाका," ते म्हणाले. "घरात ठेववत नाही. भंगारात द्यावी तर हिच्यावर नाव आहे."

मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. सुवार्ता आता माझ्याकडं असते, म्हणाले. सासू म्हणते, हिनंच लेकरू मारलं. कोल्हारात सगळे तेच म्हणतात. डॅनियल रविवारी चर्च झालं की येतो, पडवीत बसतो आणि जातो.

"आणि सुवार्ता?"

"ती एकच विचारते. दिवसातून दहा वेळा. 'बाबा, मी झाकण नीट लावलं होतं ना?' मी तिथं नव्हतो. मी काय सांगू तिला?"

गुरुजी गेले. कोठी दुकानाच्या मागं उभी राहिली. मोडायची म्हणून कात्री घेतली, आणि ती खाली ठेवली.

त्या गोळ्यांचा हवेतल्या दमटपणानं फॉस्फिन वायू होतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. फॉस्फिन आम्हाला अभ्यासाला होता. तयार करण्याची कृती, गुणधर्म, आकृती. हवेपेक्षा किंचित जड, अत्यंत विषारी. आणि शेवटी 'खबरदारी' म्हणून एक ओळ : उपकरणाचे सर्व सांधे हवाबंद असावेत. ती ओळ मी स्वतःच्या अक्षरात प्रयोगवहीत लिहिली होती, त्याखाली सरांची लाल सही होती. माझ्या वडिलांना फॉस्फिन माहीत नव्हता, त्यांच्या काळात कोठीत कडुनिंबाचा पाला आणि राख घालायचे. नियम त्यांच्या काळाला बरोबर होता. काळ बदलला हे आमच्या दुकानात कुणाला कळायला हवं होतं तर ते मला.

मी एका लोखंडी पाटीत गोवरी पेटवली, वर ओला पाला टाकला, पाटी कोठीत उतरवली आणि झाकणाला सुवार्तानं लावली असेल तशी चिकटपट्टी लावली. दोनदा. मग बघत उभा राहिलो. झाकणातून काहीच आलं नाही, दाणे काढायच्या तोंडातूनही नाही. थोड्या वेळानं खालच्या घडीतून धूर यायला लागला. भसकन नाही. घडीच्या सगळ्या लांबीनं, पिंजलेल्या कापसाच्या तारेसारखा, सावकाश. जमिनीपासून वीतभर उंचीवर. निजलेल्या लेकराचं तोंड जिथं येतं तिथं.

झाकण नीट लावलं होतं. सांधा माझा होता.

आणि मी सतरा दिवस गप्प बसलो. पोलिसांची भीती होती, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी भीती दुकानाच्या नावाची होती. जो तो म्हणत होता, गोळ्या घरात ठेवायच्याच नसतात, त्यात कोठीवाल्याचा काय दोष? हे खरंही आहे. गोळ्या टाकलेलं धान्य माणसं झोपतात त्या घरात ठेवूच नये, डाख असला तरी ठेवू नये. मी ते खरं पांघरून बसलो. मधे गुरुजींचा फोन आला. "मोडली का?"

"मोडली," मी म्हणालो. कोठी माझ्या पाठीमागंच होती.

अठराव्या दिवशी रविवार होता. कोठी टेम्पोत घातली आणि खर्ड्याच्या रस्त्याला लागलो. डॅनियल तिथं असेल हे ठाऊक होतं, म्हणूनच रविवार धरला. एकेकाला वेगळं सांगायचं बळ माझ्यात नव्हतं.

गुरुजी दारात आले. टेम्पोकडं बघून म्हणाले, "मोडली म्हणालात ना?"

"खोटं बोललो गुरुजी. सुवार्ताला बाहेर बोलवा."

ती आली. लग्नातली मुलगी मी पाहिलेली, ही कुणी दुसरीच वाटत होती. डॅनियल पडवीतून उठला नाही. मी अंगणात कोठी मांडली, पाटी पेटवली, चिकटपट्टीचं बंडल सुवार्ताच्या हातात दिलं. "तू त्या दिवशी लावलीस तशीच लाव."

तिनं काठाकाठानं अंगठा दाबत पट्टी लावली. मग दुसरी लावली. पट्टी दातानं तोडली. आम्ही चौघं बघत राहिलो. धूर खालून यायला लागला.

"झाकण बघ," मी म्हणालो. "तुझ्या झाकणातून काही येत नाही. हे माझ्या घडीतून येतंय."

ती खाली बसली. धुराच्या रेघेपुढं तिनं हात धरला. किती वेळ धरला कोण जाणे. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक असायला पाहिजे होतं."

गुरुजी वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, "मी डाखाचं विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही हसला होता."

"हो गुरुजी."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

डॅनियल तेव्हा उठला. म्हणाला, "काका, हेच आता कोल्हारला चला. माझ्या आईपुढं करा."

दुसऱ्या दिवशी मी कोल्हारला त्यांच्या अंगणात तोच धूर केला. गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली. सुवार्ता आली होती, पण डॅनियलच्या टेम्पोतून उतरली नाही. मी मोठ्यानं सांगितलं, सांध्याला डाख नव्हता, द्यायला पाहिजे होता, मागितलाही होता, मी नाही म्हणालो. चूक माझी. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "शिकलेला दिसतोस. कितवी?"

"बी.एस्सी."

कुणी हसलं नाही.

डॅनियलची आई ओट्यावर उभी होती. "धुराचं खेळ कशाला दावता? गोळ्या कुनी टाकल्या? हिनंच ना?"

"गोळ्या मी आणून दिल्या व्हत्या, आई," डॅनियल म्हणाला. "दुकानदार म्हणला, घरात ठेवू नका. मी तिला ते सांगितलंच न्हाई. घाईत व्हतो, गाडी भरायची व्हती."

दोन महिने तो हे पोटात ठेवून रविवारी पडवीत येऊन बसत होता. माझे सतरा दिवस, त्याचे दोन महिने. आणि तेवढे दिवस ती बाई एकटी विचारत राहिली, झाकण नीट होतं ना?

आई आत निघून गेली. डॅनियलनं माझ्याकडं कात्री मागितली आणि कोठी तिथंच कापायला घेतली. त्याला ते काम येत नव्हतं. पत्र्यानं तळवा चिरला, तरी कात्री दिली नाही. नावाचा तुकडा त्यानं शेवटी वेगळा काढला आणि टेम्पोच्या केबिनमध्ये नेऊन दिला.

त्यानंतर मी डाखाशिवाय एकही कोठी दुकानाबाहेर काढली नाही. खालच्या तोंडाला रबराची चकती आणि आट्यांचं झाकण बसवतो, आणि देण्याआधी कोठी पाण्यानं भरून सांधे कोरडे असल्याचं दाखवतो. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, गोळ्या टाकायच्या असतील तर कोठी झोपायच्या घरात नको. लोक हसतात. "दान्याला डाख कशाला ओ? घडी जमंना का आता?" धंद्यातले लोकही तेच म्हणतात. मी ऐकून घेतो. पदवी अजून भिंतीवर आहे. काढून ठेवली तर सुटल्यासारखं होईल, म्हणून काढत नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुकानापुढं डॅनियलचा टेम्पो थांबला. सुवार्ता उतरली. ती कोल्हारला परत गेली एवढं कानावर होतं. सासू तिच्या हातचं खात नाही, हेही होतं.

"कोठी पाहिजे," ती म्हणाली. "दोन क्विंटलची. पडवीत ठेवायची आहे, बाहेर."

डॅनियल मागून म्हणाला, "मी म्हणलं राहुरीला घेऊ, जवळ पडंल. ही म्हणली, तिथंच."

"दुसरीकडं कुणी पाणी भरून दाखवणार नाही," ती म्हणाली.

मी पाचव्या दिवशी कोठी तयार ठेवली. नावाचं विचारलं तर म्हणाली, "नाव नको." आमच्याकडं उन्हाळ्यात पिण्याला टँकर लागतो, पण मी टाकीतलं सगळं पाणी त्या कोठीत गळ्यापर्यंत भरलं. सुवार्ता पदर खोचून वाकली आणि तळाच्या सांध्यावरून तळहात फिरवू लागली. सावकाश, एकेक बोट टेकत. एक फेरा झाला. मग उभा सांधा. मग खालच्या तोंडाभोवती. मग पुन्हा तळ. मी बाजूला उभा होतो. तिसऱ्या फेऱ्याला ती थांबली, तळहात उजेडात धरून बघितला.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

आणि तरी तिनं तो हात पदराला पुसला.